अग्निगोल आणि शेतकऱ्याची साक्ष

रब्बीच्या पिकांस पाणी देण्याचे दिवस आले म्हणजे रात्रीचें जागरण आम्हां विहिरीवाल्या शेतकऱ्यांच्या कपाळीं लिहिलेलेंच असतें. शेतीपंपांस वीज कांहीं दिवस दिवसां व कांहीं दिवस रात्रीं, अशी पाळीनें मिळते. सन २०२३ च्या डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यांत आमच्या शिवारास रात्रीची पाळी आली होती. या पाळीविषयीं आमची तक्रार तेव्हांहि होती व आजहि आहे. परंतु त्याच पाळीनें आम्हांस एक असें दृश्य दाखविलें कीं, तें आमच्या वाचकबंधूंस सांगितल्यावांचून राहवत नाहीं. शिवाय त्या निमित्तानें शेतकऱ्याच्या उपयोगाचें जें थोडेंबहुत शिकावयास मिळालें, तेंहि येथें सांगून टाकावें असा विचार आहे.

आमचें शेत बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागांत आहे. ता. १३ ची, म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेची रात्र होती. चंद्राचा प्रश्नच नव्हता. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि थंडी बोटें आंखडण्याइतकी. सालदार मोटारीजवळ घोंगडी पांघरून बसला होता व आम्ही गव्हाच्या साऱ्यांत फावडें घेऊन दारें धरीत होतों. मृग पश्चिमेकडे कलला होता, व्याध दक्षिणेस चांगला वर होता, आणि त्याच्या बराच खालीं अगस्ति एकटाच चमकत होता. पुनर्वसूचे दोन तारे जवळ जवळ डोक्यावर आले होते. मध्यरात्र उलटून दोन वाजून दहा मिनिटें झालीं असतील. एक सारा भरला म्हणून आम्ही दार बांधून पाठ सरळ केली, आणि त्या वेळीं आमचें तोंड दक्षिणेकडे होतें, हा केवळ योग.

एकाएकीं अगस्तीच्या वरच्या अंगास, थोडा डावीकडे, पांढरा प्रकाश फुटला. त्यांत हिरवट झांक होती. तो गोळा सरळ खालीं आला, वाटेंत आणखी मोठा झाला, आणि क्षणभर सगळ्या शिवारावर उजेड पडला. गव्हाच्या ओल्या सरींतून पाणी चकाकलें, विहिरीवरच्या लिंबाची सावली आमच्या अंगावरून उत्तरेकडे लांबच लांब पडली. मग त्याचे दोन-तीन तांबूस तुकडे झाले व अगस्तीच्या बरोबरीच्या उंचीवर येतांच तो विझला. सगळा प्रकार दोन सेकंदांच्या पलीकडे गेला नसेल. आवाज मुळींच नव्हता. नंतरचा काळोख इतका दाट वाटला कीं, हातांतलें फावडें दिसेना, आणि फुटलेल्या दारांतून पाणी भलत्याच साऱ्यांत गेलें तें आम्हांस पायाला गार लागल्यावर कळलें.

इतक्यांत शेजारच्या वावरांतून बापूंची हांक आली. बापू वयानें वडील, हरभऱ्याच्या राखणीला खाटेवर निजलेले. “भाऊ, पाह्यलं का? माह्या धुऱ्यापलीकडंच पडलं पाहा, नाल्यात!” सालदारानेंहि तेंच सांगितलें, फक्त त्याच्या मतें तें नाल्याच्या अलीकडे पडलें होतें. आम्हीं स्वतः जर कोणी विचारलें असतें तर आम्हींहि नाल्याकडेच बोट दाखविलें असतें, ही गोष्ट कबूल केली पाहिजे.

उजाडल्यावर आम्ही तिघे धुंडावयास निघालों. फुलावर आलेला हरभरा तुडवूं नये हें तिघांसहि कळत होतें, तरी तो तुडवला गेलाच. नाल्याच्या कांठीं जळालेल्या गवताचा एक डाग सांपडला. तो गुराख्यांच्या शेकोटीचा होता. त्याशेजारीं काळा, जड, भोकाभोकांचा एक गोळा मिळाला व बापूंचा चेहरा उजळला. आम्हांस त्याविषयीं तेव्हांच शंका आली, पण बोललों नाहीं. खरी अडचण निराळीच होती. त्याच दिवशीं दुपारीं बापूंच्या नातीस पाहावयास पाहुणे येणार होते. तारा तुटला म्हणजे अशुभ, आणि एवढा मोठा तारा आपल्या शिवारांत तुटला त्या दिवशीं सोयरिकीचें बोलणें नको, असा घरांतल्या वडील बायकांचा आग्रह पडला. बापू मोबाइल हातांत घेऊन पाहुण्यांस नको म्हणून कळवावयाच्या बेतांत होते.

आठाच्या सुमारास आमच्या आतेभावांचा पुण्याहून फोन आला. त्यांना तारे पाहण्याचा नाद आहे. दरसाल डिसेंबरच्या १३ व १४ तारखांच्या रात्रीं पुनर्वसु नक्षत्राच्या जागेवरून उल्कांचा मोठा वर्षाव होतो, म्हणून ते त्या रात्रीं गच्चीवर जागत होते. त्यांनींहि दोन वाजून दहा मिनिटांनीं तोच अग्निगोल पाहिला होता. मात्र त्यांना तो दक्षिणेस नव्हे, तर पूर्वेस दिसला. ते म्हणाले, तो क्षितिजावर एका मुठीच्या उंचीवर विझला. तुमच्याकडे किती मुठींवर विझला?

हें मुठीचें माप आम्हांस नवीन होतें, पण फार सोपें आहे. हात पुरा लांब करून मूठ वळावी व ती डोळ्यासमोर आडवी धरावी. तिची उंची आकाशाचे सुमारें दहा अंश व्यापते. लहान माणसाचा हात आंखूड तशी मूठहि लहान, त्यामुळें माप फारसें चुकत नाहीं. आम्ही अंगणांत येऊन, लिंबाच्या शेंड्याची आठवण धरून, मूठ लावून पाहिली. दीड मूठ भरली. मग भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा उतरवून पुण्याहून पूर्वेस एक रेघ व आमच्या गांवाहून दक्षिणेस दुसरी रेघ ओढली. त्या दोन रेघा लातूरच्या आसपास एकमेकींस मिळाल्या. आमच्यापासून तें अंतर सुमारें १९० किलोमीटर, पुण्यापासून सुमारें २८५. दीड मूठ चढ म्हणजे अंतराचा अदमासें चौथा हिस्सा उंची, व एक मूठ चढ म्हणजे अदमासें सहावा हिस्सा. दोन्ही हिशेबांनीं उत्तर एकच आलें: तो गोळा जमिनीपासून पन्नासएक किलोमीटर उंचीवरच विझला होता. बापूंच्या धुऱ्यापासून नाला दीडशें पावलें. आणि तें जें कांहीं होतें तें लातूरच्या डोक्यावर, ढगांच्याहि कितीतरी वर.

बापूंनीं नकाशावर स्वतः दोरी धरून तें अंतर दोनदां मोजलें. मग म्हणाले, “म्हणजे लातूरवाल्यांचा अपशकुन.” पाहुण्यांस फोन गेला नाहीं. पाहुणे आले, जेवले व गेले. पुढें काय ठरलें हा या लेखाचा विषय नव्हे.

अग्निगोल जवळ पडला असें वाटणें हा केवळ बापूंचा भ्रम नव्हे. तो सर्वांचाच होतो. अंधारांत डोळ्यास अंतर कळत नाहीं. तेजावरून डोळा अंतर ठरवतो, आणि एवढें तेज दूर असेल असें मनास पटत नाहीं. वस्तु झाडाआड किंवा धुऱ्याआड गेली कीं मन म्हणतें, तेथेंच पडली. वास्तविक अवकाशांतून येणारा खडा सेकंदाला ११ पासून ७२ किलोमीटरांपर्यंत वेगानें वातावरणांत शिरतो. डिसेंबरच्या त्या वर्षावांतल्या खड्यांचा वेग सुमारें ३५ किलोमीटर असतो. समोरची हवा दबून भयंकर तापते, खड्याचा पृष्ठभाग वितळून उडून जातो, आणि तोच प्रकाश आपणांस शंभर ते पन्नास किलोमीटरांच्या उंचीवर दिसतो. नेहमींचा तुटता तारा वाळूच्या कणाएवढा असतो. अग्निगोल करणारा खडा लिंबाएवढा किंवा नारळाएवढा, क्वचित त्याहून मोठा. डिसेंबरचे खडे फेथॉन नांवाच्या एका लहानशा ग्रहखंडाच्या मार्गावर पसरलेले आहेत. हें ग्रहखंड सन १९८३ मध्यें सांपडलें. आमचा अग्निगोल सरळ खालीं आला, म्हणजे त्याची वाट मागें वाढविली तर ती डोक्यावरच्या पुनर्वसूस जाऊन मिळत होती. म्हणून तो त्याच कुळांतला असें आतेभावांनीं ठरविलें.

आतां आमच्या स्वतःच्या चुकीची कथा सांगतों. सन २०२२ चा गुढीपाडवा ता. २ एप्रिल रोजीं होता. संध्याकाळीं गुढी उतरवून आम्ही ओट्यावर बसलों होतों. पावणेआठाच्या सुमारास उत्तरेच्या अंगानें, पश्चिमेकडून पूर्वेकडे, ठिणग्यांची एक माळच्या माळ आकाशांतून जातांना सबंध गांवानें पाहिली. विदर्भ, खानदेश, मराठवाडा, तसेंच गुजराथ व मध्यप्रदेशांतहि ती दिसली. त्याच रात्रीं चंद्रपूर जिल्ह्यांतल्या सिंदेवाही तालुक्यांत, लाडबोरी गांवाजवळ, सुमारें ३ मीटर व्यासाचें धातूचें एक कडें पडलेलें आढळलें, आणि पुढें त्याच तालुक्यांत धातूचा गोळाहि सांपडला. ती उल्का नव्हतीच. सन २०२१ च्या फेब्रुवारींत चीननें सोडलेल्या अग्निबाणाचा रिकामा टप्पा पृथ्वीभोंवतीं फिरत फिरत खालीं आला, असा खगोलज्ञांचा निष्कर्ष झाला.

चूक ती ही. दुसऱ्या दिवशीं गांवांत जेव्हां या गोष्टीची चर्चा झाली, तेव्हां तें दृश्य किती वेळ टिकलें हें आम्हांपैकीं कोणासहि सांगतां येईना. कोणी दहा सेकंद म्हणे, कोणी दोन मिनिटें. ती माळ पिंपळाच्या वरून गेली कीं खालून, यावर दोन सख्ख्या भावांचें भांडण झालें. पन्नास माणसांनीं पाहिलें, पण कामास येईल अशी साक्ष एकाचीहि नव्हती. ती असती तर उल्का कीं अग्निबाण हा प्रश्न ओट्यावरच सुटला असता. उल्का दोन-चार, फार तर आठ-दहा सेकंदांत संपते. पृथ्वीभोंवतीं फिरणाऱ्या मानवी वस्तूचा वेग सेकंदाला आठ किलोमीटरांच्या आंतच असतो. त्यामुळें ती जवळ जवळ आडवी, संथपणें, अर्धा मिनिट किंवा अधिक वेळ जात राहते आणि तिचे तुकडे गुरांच्या कळपाप्रमाणें एकाच चालीनें मागेंपुढें चालतात. अशा वस्तूचा गोळा किंवा टांकी शेतांत सांपडली तर तिला हात लावूं नये, कारण तिच्यांत विषारी इंधनाचा अंश राहिलेला असूं शकतो. पोलीसपाटलास कळवून दूर उभें राहावें.

साक्षीचें महत्त्व आम्ही इतक्या आग्रहानें सांगतों याचें कारण इतिहासांत आहे. आकाशांतून दगड पडतात ही गोष्ट शेतकरी, गुराखी व राखणदार शेंकडों वर्षें सांगत आले. आपल्याकडे वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत उल्कांवर एक सबंध अध्याय असून त्यांत धिष्ण्या, उल्का, अशनि, विद्युत् व तारा असे पांच प्रकार केलेले आहेत. फळें मात्र सर्व शुभाशुभाचीं. युरोपांतले विद्वान् अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत या गोष्टीस खेडवळांची कल्पना म्हणून हंसत. आकाशांत दगड कोठून येणार, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो वरवर पाहतां शहाणपणाचाहि होता.

त्यांचें हंसें थांबविण्यास जीं कारणें झालीं त्यांत एक आपल्या देशांतलें आहे. ता. १९ डिसेंबर १७९८ रोजीं रात्रीं आठाच्या सुमारास काशीजवळ मोठा अग्निगोल दिसला, मेघगर्जनेसारखा आवाज झाला व इंग्रजी कागदांत ज्याचें नांव क्राखुत असें लिहिलें आहे त्या गांवाच्या शेतांत दगड पडले. आकाशांत त्या वेळीं ढगाचा मागमूस नव्हता. जमीन जेथें जेथें नवी उकरल्यासारखी दिसली तेथें तेथें लोकांना दगड मिळाले. एका राखणदाराच्या झोंपडीचें छप्पर फोडून एक दगड आंतल्या चोपलेल्या जमिनींत रुतला होता. तो त्यानें आपण होऊन दाखविला. ते दगड इंग्लंडास गेले. तेथें एडवर्ड हॉवर्ड नांवाच्या रसायनज्ञानें काशीचा, इटलींतला, यॉर्कशायरांतला व बोहेमियांतला असे चार ठिकाणचे दगड पृथक्करण करून पाहिले. त्याचा निबंध सन १८०२ मध्यें प्रसिद्ध झाला. चारहि दगड एकमेकांशीं जुळते, भोंवतालच्या खडकांशीं मात्र कोणताच जुळेना, आणि सर्वांतल्या लोखंडांत निकेल धातु मिसळलेला. चार देशांच्या खेडवळांनीं एकच थाप मारावी आणि ती रसायनशाळेंत खरी उतरावी, हें होणें नव्हतें.

पुढच्याच वर्षीं, ता. २६ एप्रिल १८०३ रोजीं, फ्रान्सांत लेग्ल गांवाच्या परिसरांत भरदिवसां तीनएक हजार दगड पडले. चौकशीसाठीं ब्यो नांवाचा तरुण शास्त्रज्ञ तेथें धाडण्यांत आला. त्यानें पोथ्या चाळल्या नाहींत. तो गांवोगांव पायीं फिरला, शेतकऱ्यांस, धर्मगुरूंस व बायकामुलांस प्रश्न विचारले, कोणी काय, कोठून व कोणत्या दिशेस पाहिलें तें टिपून घेतलें, आणि दगड पडलेल्या टापूचा नकाशा काढला. त्याच्या अहवालानंतर हा वाद बहुतेक मिटला. गांवकऱ्यांची साक्ष पद्धतशीर घेतली म्हणजे तिला किती किंमत येते, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस माहीत नाहीं.

याच्या उलटहि घडलें आहे. सन १८६७ च्या जानेवारींत राजपुतान्यांत खेत्रीजवळच्या गांवीं असेच दगड पडले. हा देवाचा कोप आहे असें समजून घाबरलेल्या लोकांनीं सांपडतील ते दगड कुटून त्यांची पूड वाऱ्यावर उडवून दिली. आज त्यांतले थोडेच तुकडे संग्रहांत आहेत. त्याच्या दोनच वर्षें आधीं, ता. २५ ऑगस्ट १८६५ रोजीं, बिहारांत शेरघाटी येथें पडलेला सुमारें ५ किलोचा दगड मात्र जपून ठेवला गेला. आणि शंभरांहून अधिक वर्षांनीं असें ठरलें कीं, तो मंगळावरून आलेला आहे. त्या जातीच्या दगडांस आज जगभर शेरघाटीच्याच नांवानें ओळखतात. खेत्रीच्या पुडींत काय होतें तें कोण सांगणार?

अलीकडचीं उदाहरणें आपल्या अधिक जवळचीं आहेत. ता. २८ जानेवारी १९७६ च्या रात्रीं सौराष्ट्रांत धजाळा येथें पाषाणवर्षाव झाला. त्या पाषाणाची सूर्याभोंवतींची कक्षा काढण्याच्या कामीं पाहणाऱ्या लोकांच्या हकीगती उपयोगी पडल्या. ता. २२ मे २०१२ रोजीं भर दुपारीं नागपूर जिल्ह्यांतल्या काटोल येथें कानठळ्या बसविणारा आवाज होऊन दगड पडले. संत्र्यांच्या त्या मुलखांतले तुकडे गोळा झाले, आणि खरगपूरच्या संशोधकांनीं सन २०२१ मध्यें त्यांत ब्रिजमनाइट नांवाचें खनिज दाखवून दिलें. हें खनिज पृथ्वीच्या पोटांत ६६० किलोमीटरांच्या खालीं विपुल आहे, परंतु तेथून तें हातीं येत नाहीं. ता. ६ जून २०१७ च्या पहाटे जयपूरजवळ मुकुंदपुरा येथें एका शेतांत दगड पडून लहानसा खळगा झाला; तो कार्बनयुक्त, ठिसूळ व दुर्मिळ जातीचा निघाला. एखादा पाऊस त्यावर पडता तर त्याची निम्मी किंमत गेली असती. ता. १७ ऑगस्ट २०२२ रोजीं तर ऐन पावसाळ्यांत गुजराथेंत दियोदर तालुक्यांत एक दगड एका गांवीं लिंबाच्या झाडावर आदळला, व त्याचाच दुसरा तुकडा शेजारच्या गांवीं घराच्या पडवीवर पडून फरशी फुटली. त्या जातीचा दगड भारतांत त्यापूर्वीं सन १८५२ मध्यें एकदांच पडलेला होता. गांवकऱ्यांनीं तुकडे लगेच उचलून ठेवले म्हणून तो शास्त्रज्ञांच्या हातीं लागला.

अशा दगडाची ओळख आमच्या काळ्या मुलखांत जरा कठीण पडते, म्हणून येथें थोडें थांबतों. आकाशांतल्या ताज्या दगडावर नखाइतकें पातळ काळें कवच असतें, जणूं करपलेल्या भाकरीचा पापुद्रा; कोठें टवका उडाला असेल तर आंतला रंग बहुधा राखाडी दिसतो व त्यांत धातूचे बारीक कण चमकतात. दगड आकाराच्या मानानें जड लागतो आणि बहुतेकांस लोहचुंबक चिकटतें. पण आमच्या दख्खनच्या काळ्या पाषाणासहि लोहचुंबकाची थोडी ओढ असते, आणि तो आंतबाहेर सारखाच काळा असतो. म्हणून केवळ चुंबकावर विसंबूं नये. भोकें असलेला दगड बहुतेक कधींच आकाशांतला नसतो. लोहाराच्या भट्टींतलें कीट भोकाभोकांचें असतें व जडहि असतें, आणि सर्वांत अधिक फसवणूक तेंच करतें. दगड मोठा असला म्हणजे मोठें विवर पडेल असेंहि समजूं नये. लोणारचें १.८ किलोमीटर रुंदीचें विवर आमच्याच जिल्ह्यांत आहे व तें आघातानेंच झालेलें आहे. परंतु तो प्रकार माणसाच्या स्मृतीपलीकडचा. आपल्या शेतांत पडणारा दगड फार तर घमेल्याएवढा खळगा करतो. अग्निगोलानें गंजी पेटली हीहि समजूत खरी नव्हे. प्रकाश विझल्यावर उरलेले तुकडे वीस-तीस किलोमीटरांवरून कांहीं मिनिटें अंधारांतून साध्या वेगानें पडत येतात, आणि तोंपर्यंत त्यांचें वितळलेलें कवच थिजून गेलेलें असतें. गंजी पेटल्यास शेजाऱ्याच्या विडीचा तपास आधीं करावा.

दगड मिळालाच तर तो धुवूं नये, त्यास तेल-शेंदूर लावूं नये व आंत सोनें आहे कीं काय हें पाहण्यासाठीं घण घालूं नये. उचलण्यापूर्वीं शेजारीं एखादें नाणें ठेवून छायाचित्र घ्यावें, खळग्याची खोली व कल टिपावा, आणि दगड कोऱ्या कागदांत गुंडाळून कोरड्या डब्यांत ठेवावा. तहसीलदारास कळविलें म्हणजे ती वर्दी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाकडे जाते. त्याचें एक मोठें कार्यालय नागपुरास आहे. दगड सरकारजमा होईल या भीतीनें तो कणगींत दडवून ठेवल्याचीं उदाहरणें आम्हीं ऐकलीं आहेत. कणगींतल्या दमटपणानें त्यांतलें लोखंड गंजतें व दोनचार पावसाळ्यांत त्याचा भुगा होतो. मग तो ना मालकाचा, ना सरकारचा.

आणि दगड न मिळतांहि जो कोणी अग्निगोल पाहील त्याच्या हातीं करण्यासारखें बरेंच आहे. पाहतांक्षणींच मनांत आंकडे म्हणावयास लागावें. एक, दोन, तीन असे संथपणें म्हटलें कीं सेकंद कळतात. प्रकाश विझल्यावर धांवत सुटूं नये. जेथें उभे असाल तेथेंच पाय रोवून, तो कोठें उजळला व कोठें विझला त्या दोन जागा झाड, खांब, छपराचा कोपरा किंवा ओळखीचा तारा यांच्या खुणेनें पक्क्या कराव्यात, आणि पायाखालीं एक दगड ठेवून ती जागा सांभाळावी, म्हणजे सकाळीं तेथेंच उभें राहून मुठी मोजतां येतात. मग घड्याळ पाहावें व पुरीं पांच मिनिटें कान देऊन ऐकावें. आवाजास एक किलोमीटर यावयास सुमारें तीन सेकंद लागतात. म्हणून प्रकाशानंतर दीड-दोन मिनिटांनीं गडगडाट झाला तर अग्निगोल तीस-चाळीस किलोमीटरांच्या टापूंत खालपर्यंत आला असें समजावें, व तशा वेळीं शिवार धुंडण्यांत अर्थ आहे. प्रकाशाबरोबरच आवाज झाला असें ज्याला वाटतें त्यानें बहुधा दुसरेंच कांहीं ऐकलेलें असतें. हें सर्व त्याच रात्रीं लिहून काढावें. सकाळपर्यंत चार माणसांशीं बोलणें होतें आणि त्यांचें पाहणें आपल्या पाहण्यांत मिसळतें. एक साक्ष एक रेघ देते, दुसऱ्या गांवची साक्ष दुसरी रेघ देते, आणि दोन रेघांवांचून जागा सांपडत नाहीं. आंतरराष्ट्रीय उल्का संघटना अशा हकीगती जगांतल्या कोणाकडूनहि स्वीकारते.

शहरांत आतां दिव्यांच्या उजेडांत तारेच दिसत नाहींत. हिंवाळ्याच्या रात्रीं आकाशाखालीं जागा असणारा माणूस म्हणजे दारें धरणारा शेतकरी, राखणदार व उसाच्या गाडीवरचा गाडीवान. दिवसा वीज मिळावी ही आमची मागणी आहे व ती आम्ही सोडणार नाहीं. पण जोंवर रात्रीची पाळी आहे तोंवर खिशांत एक पेन्सिल ठेवावयास हरकत नाहीं. आम्हीं विहिरीच्या खोलीच्या दाराआड एक वही टांगली आहे. तींत आजवर सालदाराच्या हातच्या तीन नोंदी झाल्या असून त्यांपैकीं एक विमानाची आहे, असें आमचें मत आहे; त्याचें तसें नाहीं.

नाल्याकांठीं सांपडलेला तो गोळा आम्हीं बापूंसमोर फोडून दाखविला. आंतबाहेर भोकें, कोठें कवच नाहीं. जुन्या लोहारवाड्यांतलें कीटच तें. बापूंनीं तें ऐकून घेतलें, दोन्ही तुकडे उचलले, आणि गोठ्याच्या कोनाड्यांत ठेवून दिले. पाहुण्यांपैकीं कोणी विचारलें तर ते गंभीरपणें सांगतात कीं, हा लातूरचा आहे.